जुन्या छपाईयंत्राची खरी किंमत

बाजारपेठेतील दुकानांच्या पाट्यांचे काम एके काळी पेंटरकडे असे. रंगाचे डबे, कुंचले, शिडी आणि हातातील कसब एवढ्या भांडवलावर त्याचा व्यवसाय चाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाच्या साहाय्याने व्हिनाईलची अक्षरे कापणारे प्लॉटर आले, पाठोपाठ फ्लेक्सवर हवे ते चित्र छापणारी रुंद यंत्रे आली आणि काही वर्षांतच या व्यवसायाचे रूप पालटले. आज नांदेड असो वा इंदूर, बेळगाव असो वा वडोदरा, ‘साइन बोर्ड, फ्लेक्स, स्टिकर’ अशी पाटी लावलेले छोटे दुकान प्रत्येक रस्त्यावर आढळते. तथापि यांपैकी अनेक दुकानांत छपाईयंत्र नसते. तेथे संगणकावर नक्षी तयार होते आणि छपाई शहरातील मोठ्या व्यावसायिकाकडून जॉबवर्कने करून घेतली जाते. नफ्यातील मोठा वाटा तेथेच राहतो. शिवाय सणासुदीच्या व निवडणुकीच्या दिवसांत, म्हणजे ऐन कमाईच्या वेळी, छोट्या दुकानदाराचे काम रांगेत शेवटी ढकलले जाते. आपले स्वतःचे यंत्र असावे असे त्याला वाटू लागते ते यामुळे.

नव्या यंत्राची किंमत ऐकल्यावर दृष्टी साहजिकच जुन्या यंत्राकडे वळते. ‘चालू स्थितीत, एकहाती वापरलेले, तातडीने विकणे आहे’ अशी जाहिरात दिसते, किंमत नव्याच्या निम्म्याहूनही कमी असते आणि विक्रेता दुसऱ्या ग्राहकाची घाई दाखवत असतो. अशा यंत्रांसाठी कर्जाची विचारणा शाखांकडे होत असते. जुने यंत्र घेणे हा मुळात चुकीचा निर्णय नाही. अनेक उत्तम व्यवसाय जुन्या यंत्रावरच उभे राहिले आहेत. परंतु विक्रेता सांगतो ती रक्कम ही यंत्राची किंमत नव्हे. ती किंमत शाई फेकणाऱ्या हेडच्या उरलेल्या आयुष्यात, सुट्या भागांच्या उपलब्धतेत, दुकानात रोज येणाऱ्या कामात आणि मालकीच्या कागदपत्रांत दडलेली असते.

आधी काम, मग यंत्र

रुंद छपाईयंत्रांचे प्रकार शाईनुसार ओळखले जातात. रस्त्यावरील मोठे फलक छापणारी, सुमारे दहा फूट रुंदीची यंत्रे सॉल्व्हंट शाईवर चालतात. त्यांपैकी बहुतेक चिनी बनावटीची असून त्यांत कोनिका मिनोल्टा, सेइको, स्पेक्ट्रा अशा कंपन्यांची औद्योगिक हेड बसवलेली असतात. छपाई स्वस्त पडते, पण शाईचा वास उग्र असतो आणि यंत्रास मोठी, हवेशीर जागा लागते. घराच्या पुढच्या खोलीत थाटलेल्या दुकानासाठी हे यंत्र नव्हे. पाच-सहा फूट रुंदीची इको-सॉल्व्हंट यंत्रे लहान दुकानांस अधिक सोयीची. रोलँड, मिमाकी, मुतोह ही जपानी नावे आणि अनेक चिनी यंत्रे या वर्गात येतात व त्यांतील बहुतेकांत एप्सनची हेड असतात. लॅटेक्स यंत्राची शाई पाण्यावर आधारित असल्याने वास जवळजवळ नसतो आणि त्याची हेड ऑपरेटर स्वतः बदलू शकतो. मात्र शाई वाळवण्यासाठी उष्णता लागत असल्याने विजेचा खर्च वाढतो. यूव्ही यंत्रे थेट फळीवर व ॲक्रिलिकवरही छापतात, परंतु पहिल्या खरेदीसाठी त्यांचा विचार करण्याचे कारण क्वचितच असते.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अगत्याचे वाटते. वास्तुविशारदांच्या कार्यालयांतून निघालेली, नकाशे काढण्यासाठीची रुंद यंत्रे फार स्वस्तात मिळतात. दिसायला ती अशीच असतात. त्यांची पाण्यावर आधारित शाई उन्हापावसात टिकत नाही. दुकानाच्या पाटीसाठी ती निरुपयोगी होत.

कोणते काम पुढेही टिकेल, याचाही अंदाज खरेदीपूर्वी घ्यावा. शंभर मायक्रॉनहून पातळ प्लास्टिक अथवा पीव्हीसी बॅनरवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. नेहमीचे फ्लेक्स यापेक्षा जाड असते, तरी वाऱ्याची दिशा यातून समजते. केरळ सरकारने तर २०१९ मध्येच पीव्हीसी फ्लेक्सच्या वापरावर बंदी घालण्याचे पाऊल उचलले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये विनापरवाना फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले. ज्याचे सारे उत्पन्न चौकातील शुभेच्छा फलकांवर अवलंबून आहे, त्याने हे विसरून दहा फुटी यंत्र घेऊ नये. दुकानांच्या पाट्या, काचेवरील व्हिनाईल, वाहनांवरील स्टिकर, दवाखाने व शाळांचे दिशादर्शक फलक ही कामे तुलनेने स्थिर असतात आणि त्यांना पाच फुटी यंत्र पुरते.

हेड हाच यंत्राचा प्राण

छपाईयंत्राची चौकट, मोटारी व पट्टे वर्षानुवर्षे टिकतात. झिजते ते हेड. एप्सनच्या ‘डीएक्स-५’ या प्रसिद्ध हेडमध्ये प्रत्येकी १८० छिद्रांच्या आठ ओळी, म्हणजे एकूण १,४४० छिद्रे असतात. केसाहूनही बारीक अशा या छिद्रांतून शाईचे कण कागदावर पडतात. सॉल्व्हंट शाई लवकर वाळते, म्हणून महिनाभर बंद पडून राहिलेले यंत्र रोज चालणाऱ्या यंत्राहून अधिक धोक्याचे असते. ‘फारसे वापरलेलेच नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य मोटारीच्या बाबतीत गुणाचे असेल, येथे ते चिंतेचे कारण मानावे.

पाहणीस जाताना आदल्या दिवशीच कळवावे, की यंत्र रात्री बंद ठेवावे आणि सकाळी आपल्यासमोरच सुरू करावे. पोहोचल्यावर यंत्र तापलेले आढळले, तर हेड नुकतेच धुऊन तयार ठेवले आहे असे समजण्यास हरकत नाही. सुरू होताच, कोणतीही सफाई न करता, नोझल तपासणीचा नमुना काढून घ्यावा. त्यात प्रत्येक छिद्राची एक बारीक रेघ उमटते, तुटलेली रेघ म्हणजे बंद छिद्र. त्यानंतर एकदा सफाई करून दुसरा नमुना घ्यावा. मग आपण नेलेल्या फाइलवर आणि आपण नेलेल्या व्हिनाईलवर किमान तासभर छपाई करून तिसरा नमुना काढावा. तिन्हींवर वेळ लिहून ते जपून ठेवावेत.

या तीन कागदांतून बरेच काही वाचता येते. सफाईनंतर रेघा परत आल्या, तर छिद्रांत केवळ शाई वाळली होती. प्रत्येक वेळी त्याच जागच्या त्याच रेघा गायब असतील, तर ती छिद्रे कायमची गेली असण्याचा संभव अधिक. आरंभी सर्व रेघा ठीक आणि तासाभराने नव्याच ठिकाणी तुटलेल्या, असे झाले तर दोष बहुधा हेडमध्ये नसून शाईच्या पुरवठ्यात आहे. डॅम्पर, नळी किंवा जोड यांतून हवा शिरत असावी. हा दोष अल्प खर्चात दुरुस्त होतो, आणि भाव कमी करून घेण्यास तो उत्तम आधार ठरतो. पिवळ्या रंगाच्या रेघा पांढऱ्यावर नीट दिसत नाहीत, त्या प्रकाशात तिरपा कागद धरून पाहाव्यात. तेथेच दोष लपून राहतात.

छपाईची अचूकता पाहण्याची एक सोपी युक्ती शाळेतील भूमितीत आहे. चार फूट रुंद व तीन फूट लांब अशी चौकट छापावी आणि तिचे दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही बरोबर पाच फूट भरले पाहिजेत. एक लांब व एक आखूड भरला, तर माध्यम तिरपे सरकते आहे अथवा हेडची गाडी काटकोनात नाही. फिकट करडा रंग पूर्ण रुंदीत छापून पाहावा, गडद रंगात न दिसणारे आडवे पट्टे त्यात उघड होतात. बारीक अक्षरे दुहेरी उमटत असतील, तर जाताना व येताना पडणाऱ्या कणांचा मेळ बसत नाही. हे बहुतेकदा जुळवणीने सुधारते. सुधारते असे विक्रेता म्हणाला, तर ते त्याने आपल्यासमोर करून दाखवावे.

झाकण उघडून हेडखालची जागाही पाहावी. हेडला विश्रांतीच्या वेळी झाकणारी कॅप, शाई ओढणारा पंप आणि पुसणारा वायपर हे भाग स्वस्त असतात, पण ते घाणेरडे राखणाऱ्या मालकाने उरलेले यंत्र कसे वापरले असेल याची कल्पना येते. हेडकडे जाणाऱ्या चपट्या केबलवर शाईचे डाग असतील, तर विशेष सावध राहावे. शाई विद्युत जोडणीत शिरली की हेडबरोबर मुख्य बोर्डही जळू शकतो.

सुटे भाग आणि तंत्रज्ञ यांची चौकशी यंत्र पाहण्यापूर्वीच करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या यंत्राचा तंत्रज्ञ चारशे किलोमीटरवरून येतो, ते फुकट मिळाले तरी महाग. आपल्या जिल्ह्यातील दोन-तीन व्यावसायिकांकडे जे यंत्र चालू आहे तेच शक्यतो घ्यावे. अडचणीच्या दिवशी शेजाऱ्याचा डॅम्पर आणि शेजाऱ्याचा सल्ला हे दोन्ही उपयोगी पडतात. छपाईची आज्ञावली, जिला व्यवसायात ‘रिप’ म्हणतात, ती अनेकदा डोंगल नावाच्या छोट्या किल्लीवर चालते. डोंगल व परवाना यंत्राबरोबर मिळणार की नाही, हे लेखी ठरवावे. काही जुनी यंत्रे विशिष्ट जुन्या संगणकावरच चालतात. तसे असेल तर तो संगणकही सौद्यात समाविष्ट असला पाहिजे.

हिशेब कोणता मांडावा

समजा, एक इको-सॉल्व्हंट यंत्र साडेतीन लाख रुपयांस ठरले. स्वतःचे एक लाख आणि बँकेचे अडीच लाख, व्याज द.सा.द.शे. ११, मुदत तीन वर्षे. मासिक हप्ता सुमारे ८,१८५ रुपये येतो. ऑपरेटरचे वेतन १५,००० रुपये, वीज ३,००० आणि किरकोळ देखभाल २,००० धरू. हेड कधीतरी बदलावे लागणारच, म्हणून त्यासाठी दरमहा ४,००० रुपये बाजूला ठेवू. एकूण ३२,१८५ रुपये झाले. माध्यम व शाईचा खर्च वजा जाता दर चौरस फुटामागे १२ रुपये सुटतात असे मानले, तर महिन्यास सुमारे २,६८२ चौरस फूट, म्हणजे २६ दिवसांच्या हिशेबाने रोज १०३ चौरस फूट छापल्यास खर्च भरून निघतो. हे सर्व आकडे उदाहरणादाखल आहेत, वाचकांनी तेथे आपल्या गावचे दर घालावेत.

बहुतेक प्रकल्प अहवाल येथे थांबतात आणि नेमकी चूक येथेच होते. यंत्र नसतानाही हा दुकानदार रिकामा बसलेला नव्हता. जॉबवर्कने छपाई करून घेऊन तो दर चौरस फुटामागे, समजा, ५ रुपये मिळवत होता आणि त्यासाठी ना हप्ता होता ना हेडची चिंता. तेव्हा यंत्राने केवळ खर्च भरून काढणे पुरेसे नाही. जॉबवर्कपेक्षा अधिक मिळवून दिले तरच ते घेण्यात अर्थ आहे. यंत्रामुळे वाढणारी प्राप्ती १२ उणे ५, म्हणजे दर चौरस फुटामागे ७ रुपये. ३२,१८५ ला ७ ने भागले की महिन्याला सुमारे ४,६०० आणि रोज सुमारे १७७ चौरस फूट ही खरी मर्यादा येते. रोज ६० चौरस फुटांचे काम असलेल्या दुकानदाराला आज जॉबवर्कमध्ये दरमहा ७,८०० रुपये मिळत असतील. यंत्र घेतल्यावर तेवढ्याच कामात त्याला दरमहा सुमारे १३,४६५ रुपये खिशातून घालावे लागतील.

उलट तो स्वतः किंवा त्याचा मुलगा यंत्र चालवणार असेल, तर वेतनाचे १५,००० रुपये वाचतात आणि ही मर्यादा रोज सुमारे ९५ चौरस फुटांवर येते. एवढी छपाई मध्यम वेगाचे यंत्र दोन-तीन तासांत करते. लहान दुकानात अडचण यंत्राच्या वेगाची नसते, कामाच्या आवकीची असते. म्हणून मागील बारा महिन्यांची जॉबवर्कची बिले काढून प्रत्येक महिन्याचे चौरस फूट मोजावेत. गणेशोत्सव, दिवाळी आणि निवडणुकीचा महिना वगळून जो आकडा राहतो, त्यावर निर्णय घ्यावा. कर्ज मागताना शाखाधिकाऱ्यांसमोर ही बिले ठेवली, तर देखण्या प्रकल्प अहवालापेक्षा त्यांचा अधिक उपयोग होतो.

कागदपत्रे

१९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम २७ चे तत्त्व असे, की विक्रेत्याचा जेवढा हक्क आहे त्याहून अधिक हक्क सामान्यतः खरेदीदारास मिळत नाही. जुन्या यंत्राच्या बाबतीत हे तत्त्व फार महत्त्वाचे ठरते. विक्रेत्याने ते यंत्र कर्ज काढून घेतले असेल आणि ते अद्याप दुसऱ्या बँकेकडे नजरगहाण असेल, तर पूर्ण पैसे मोजूनही आपण वादात सापडतो. म्हणून मूळ खरेदीचे बिल पाहावे, त्यावरील क्रमांक यंत्रावरील पट्टीशी ताडून पाहावा आणि कर्ज फेडलेले असल्यास त्या बँकेचे बेबाकी प्रमाणपत्र मागावे. ‘सेरसाई’ या केंद्रीय नोंदणी संस्थेच्या नोंदींत यंत्रसामग्रीवरील नजरगहाणाचाही शोध शुल्क भरून घेता येतो. विक्रेता कंपनी असेल, तर कंपनी निबंधकांकडील बोजांची नोंद सर्वांना पाहता येते.

जुन्या यंत्रावर कर्ज द्यावे की नाही आणि किती, हे प्रत्येक बँकेच्या धोरणावर अवलंबून असते. सामान्यतः सनदी अभियंत्याचा अथवा मान्यताप्राप्त मूल्यांककाचा दाखला मागितला जातो. त्यात आजचे मूल्य आणि उरलेले उपयुक्त आयुष्य नमूद असते. कर्जाची मुदत त्या आयुष्याच्या आत बसवली जाते आणि ग्राहकाचा स्वतःचा हिस्सा नव्या यंत्रापेक्षा अधिक मागितला जाऊ शकतो. तेव्हा बयाणा देण्यापूर्वी शाखेत यावे, नंतर नव्हे. उद्यम नोंदणी नसेल तर ती करून घ्यावी, ती विनाशुल्क होते. २०१५ पासून सुरू असलेल्या मुद्रा योजनेत लहान व्यावसायिकांना तारणाशिवाय १० लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. ‘तरुण’ श्रेणीतील कर्ज नीट फेडलेल्यांसाठी २०२४ मध्ये ही मर्यादा २० लाखांपर्यंत वाढवण्यात आली. तारण नसले तरी परतफेडीची क्षमता पाहिली जातेच.

‘थोडे बिलाने, थोडे रोखीने’ असा प्रस्ताव विक्रेत्याकडून हमखास येतो. तो नाकारावा. यंत्रासारख्या भांडवली वस्तूसाठी एका व्यक्तीस एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिली, तर ती रक्कम आयकराच्या हिशेबात वस्तूच्या मूल्यात धरली जात नाही आणि तिच्यावर घसाराही मिळत नाही. बँक तर बिलातील रकमेवरच कर्जाचा विचार करते. विक्रेता जीएसटी नोंदणीकृत असल्यास रीतसर कर-बिल घ्यावे. आपण नियमित करदाते असाल, तर त्यातील कराची वजावट मिळू शकते. मात्र कराच्या रकमेवर घसारा घेतल्यास ही वजावट मिळत नाही. जुन्या वस्तूंचे व्यापारी केवळ आपल्या नफ्यावर कर भरण्याची पद्धतही वापरतात. तेव्हा बिल कोणत्या पद्धतीचे आहे हे आपल्या सनदी लेखापालांना आधी दाखवावे. परराज्यातून यंत्र आणताना त्याचे मूल्य ५०,००० रुपयांहून अधिक असल्यास ई-वे बिल लागते. ट्रक नाक्यावर अडकल्यावर ते आठवून उपयोग नाही.

सौद्याचा एक छोटा करारही करावा. यंत्र आपल्या दुकानात बसवून, वर सांगितलेले तीन नमुने तेथे पुन्हा काढून दाखवल्यावर शेवटचा हिस्सा दिला जाईल, असे त्यात असावे. बँकेमार्फत रक्कम थेट विक्रेत्याच्या खात्यात जात असेल, तर ही अट शाखेला आधीच सांगावी. रक्कम टप्प्यांत देणे शक्य आहे का, हे त्यावरून ठरवता येते.

यंत्र दुकानात आल्यावर

वाहतुकीपूर्वी नळ्यांतील शाई काढून हेड धुण्याच्या द्रवाने भरून घ्यावे आणि गाडी घट्ट बांधावी. हे काम विक्रेत्याच्या ऑपरेटरकडून आपल्या देखरेखीखाली करून घेणे उत्तम. दुकानात स्वतंत्र अर्थिंग आधीच तयार असावे. न्यूट्रल व अर्थ यांमधील दाब दोन-तीन व्होल्टपेक्षा कमी असावा, असे तंत्रज्ञ सांगतात. जेथे वीज वारंवार जाते तेथे यूपीएसवर केलेला खर्च हेडच्या किमतीपुढे क्षुल्लक आहे, कारण छपाई चालू असताना वीज गेली की हेड उघडेच राहते व वाळू लागते. यंत्राचा विमा घ्यावा. मात्र झिजेमुळे निकामी झालेल्या हेडची भरपाई त्यात सहसा मिळत नाही, म्हणून हेडसाठी दरमहा ठेवायची रक्कम वेगळ्या आवर्ती ठेव खात्यात भरत राहावे.

शाईचा प्रकार पहिल्या महिन्यात तरी बदलू नये. जुन्या मालकाने कोणती शाई वापरली हे विचारून, तीच पुढे चालवावी. दोन कंपन्यांच्या शाया नळीत मिसळल्या तर त्यांचा गाळ होऊ शकतो. काम असो वा नसो, रोज सकाळी नोझलचा नमुना काढून त्यावर तारीख घालावी. हेड थकत चालले असेल, तर ते या कागदांवर काही आठवडे आधीच दिसू लागते आणि नव्या हेडची तजवीज सणाच्या गर्दीपूर्वी करता येते.